फंक, मुक्काम पोस्ट जपान

ॲनिमे बघणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक 'स्किप इंट्रो' दाबणारे, दुसरे न दाबणारे. २०२० च्या लॉकडाउनपर्यंत मी पहिल्या पंथातली होते. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट, मी आणि माझी रूममेट, आणि दोघींत मिळून चालू स्थितीतला एकच लॅपटॉप. तो तिचा. त्यामुळे बटण दाबायचा हक्कही तिचा, आणि ती दाबायची नाही. 'कागुया-सामा'चा पहिला सीझन आम्ही तीन रात्रींत संपवला, मग दुसरा दर आठवड्याला एकेक भाग करत बघायला लागलो. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मी भागाची वाट बघत नाहीये, भागाच्या सुरुवातीच्या गाण्याची वाट बघतेय.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: 'कागुया-सामा' ही श्रीमंतांच्या शाळेतल्या दोन अतिहुशार पोरांची गोष्ट आहे. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि आधी कबूल कोण करणार यावर युद्ध चालू आहे. अशा गोष्टीला गोड, किनऱ्या आवाजातलं गाणं शोभलं असतं. इथे मात्र ब्रासचा तडाखा बसतो, खाली बेस उड्या मारायला लागतो आणि वरून एक चांगला पिकलेला पुरुषी आवाज येतो. एखाद्याच्या काकांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माइक हिसकावून घ्यावा आणि काका खरोखरच भारी निघावेत, तसं काहीतरी.

काकांचं नाव मासायुकी सुझुकी. जन्म १९५६. काळा गॉगल, मिशी, सूट. मी शोधत मागे गेले. ऐंशीच्या दशकात ते 'रॅट्स अँड स्टार' नावाच्या बँडमध्ये होते, आणि त्याआधी त्याच बँडचं नाव 'शॅनेल्स' होतं. १९८० मध्ये त्यांचं 'रनअवे' हे पहिलं गाणं आलं आणि तुफान चाललं. गाणं सापडलं, आवडलं. त्याच्यासोबत फोटोही सापडला.

फोटोत बँडमधल्या काही जणांनी, सुझुकींसकट, तोंडाला काळा रंग फासलेला आहे.

मी लॅपटॉप रूममेटकडे वळवला. ती म्हणाली, "प्रेमापोटी केलं असेल गं. त्यांना ते कृष्णवर्णीय गायक आवडत असतील." तिचं चूक नव्हतं. शॅनेल्सवाल्या पोरांना अमेरिकेतलं जुनं डू-वॉप आणि सोल जीव तोडून आवडायचं, हे त्यांच्या गाण्यात ऐकू येतं. पण तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची नक्कल करायचा प्रकार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून टिंगलीचा धंदा म्हणून चालला होता आणि त्या टिंगलीचे घाव अजून ओले आहेत. २०१५ मध्ये रॅट्स अँड स्टारने आणि 'मोमोइरो क्लोव्हर झी' या मुलींच्या ग्रुपने असाच रंग लावून एका टीव्ही कार्यक्रमासाठी फोटो काढला. फोटो बाहेर आला, ओरड झाली, आणि तो भाग दाखवला गेला नाही. म्हणजे पस्तीस वर्षांनंतरही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं की हे करू नये.

मला त्या रात्री राग आला नाही, मी हिरमुसले. जे गाणं ऐकून अंग आपोआप हलायला लागलं होतं, त्याच्या मुळाशी हे होतं. तिथून पुढे दोन वर्षं मी जपानी फंक ऐकत सुटले, त्यामागे मला वाटतं हाच एक प्रश्न होता. दुसऱ्याच्या अंगातलं संगीत आपल्या अंगात आणायचं तर आणायचं कसं?

फंक म्हणजे काय हे तबला ऐकलेल्या माणसाला सांगणं सोपं आहे. सम. जेम्स ब्राउनने १९६५ चं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' आणि १९६७ चं 'कोल्ड स्वेट' या गाण्यांत वजन उचलून पहिल्या ठोक्यावर नेलं. त्याआधीच्या रिदम अँड ब्लूजमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पडायची. ब्राउनने बँडला सांगितलं की मधे काय वाट्टेल ते करा, एकवर सगळे हजर पाहिजेत. आपल्याकडे समेवर यायला सोळा मात्रा भटकायची मुभा असते. इथे चार ठोक्यांत घरी यायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा यायचं. गिटार सूर कमी आणि खरखर जास्त वाजवते, ब्रास ढोलासारखा वाजतो, गायक शब्दांपेक्षा हुंकारांवर जगतो. सगळा बँडच तालवाद्य होतो. आणि १९६८ मध्ये याच माणसाने 'से इट लाउड, आय ॲम ब्लॅक अँड आय ॲम प्राउड' म्हटलं, म्हणजे ती सम नुसती संगीतातली राहिली नाही. आपण इथे आहोत, असं पाय आपटून सांगणं होतं ते.

आता हे सगळं ओसाकात कसं न्यायचं?

'ओसाका मोनोरेल' या बँडचं उत्तर सरळ आहे: जसंच्या तसं. १९९२ मध्ये सुरू झालेला हा बँड, म्होरक्या र्‍यो नाकाता. बँडचं नाव शहरातल्या मोनोरेलवरून आहे आणि जेम्स ब्राउनच्या साथीदारांच्या, म्हणजे 'जेबीज'च्या, एका गाण्यावरूनही. एकसारखे सूट, शिस्तीत उभा ब्रास, नाकाताचे हातवारे, गाण्याला मधेच कापणारे इशारे. डोळे मिटून ऐकलं तर साल १९७० आणि गाव अमेरिकेतलं. वादनात खोट काढायला जागा नाही. पण खरं सांगू? मी त्यांना ऐकते तेव्हा मान डोलते, पोटात काही हलत नाही. पाठांतर स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीकडे बघतो तसं मी त्यांच्याकडे बघते.

मग एक गोष्ट कळली आणि माझा सूर थोडा खाली आला. साठच्या दशकाच्या शेवटी जेम्स ब्राउनच्या ताफ्यात मार्व्हा व्हिटनी नावाची गायिका होती. जबरदस्त आवाज, पण नंतर तिचं नाव जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांपुरतं उरलं. या ओसाकाच्या पोरांनी तिला शोधलं, तिच्यामागे उभं राहून वाजवलं, तिच्यासोबत 'आय ॲम व्हॉट आय ॲम' हा अल्बम केला. २०१२ मध्ये ती गेली. उसनं घेतलेलं व्याजासकट परत करणं यालाच म्हणत असावेत. माझ्या पोटात हललं नाही तरी हिशोबाच्या वहीत हा बँड पुढे आहे, हे मला मान्य करावं लागतं.

पण मी ज्यांच्या प्रेमात पडले ते दुसरेच. 'झाइनिची फंक'.

नावापासून सुरुवात करू. 'झाइनिची' म्हणजे 'जपानमध्ये राहणारा'. म्हणजे नावाचा अर्थ झाला 'जपानस्थित फंक'. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक, मुक्काम पोस्ट जपान. पण जपानमध्ये हा शब्द असा हलका नाही. नुसतं 'झाइनिची' म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते तिथले कोरियन. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं, त्या काळात आलेली माणसं आणि त्यांची नातवंडं-पतवंडं. तिथेच जन्मलेले, तीच भाषा बोलणारे, तरीही 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या ऐकणारे. हा शब्द उचलून फंकला लावणं म्हणजे एका दगडात दोन पक्षी. फंक इथे जन्मलेलं नाही, पण आता इथेच राहतं, आणि त्याला रोज विचारलं जाणार आहे की बाबा तू मूळचा कुठला. दुसरा पक्षी जरा अवघड आहे. कोरियन लोकांच्या जखमेचा शब्द असा गमतीत वापरावा का? मी यावर अजून कुठल्याही बाजूला नीट टेकलेले नाही. पण गोऱ्यामोऱ्या चेहऱ्याने हा प्रश्न नावातच घेऊन उभं राहणं आणि चेहऱ्यावर रंग फासून प्रश्नच पुसून टाकणं, यांत मला फार मोठं अंतर दिसतं.

बँड २००७ मध्ये केंता हामानो या माणसाने सुरू केला. त्याआधी तो 'साकेरॉक' नावाच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायचा. (साकेरॉक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) सडपातळ अंग, सूट, आणि किंचित ओढाताण होत असलेला आवाज. जेम्स ब्राउनच्या सगळ्या लकबी तो करतो, पण जेम्स ब्राउनचा माज त्याच्याकडे नाही आणि तो आणायचा प्रयत्नही करत नाही. त्यांच्या एका गाण्याचं शीर्षक आहे 'ने नि मोत्तेमासु'. अर्थ साधारण असा की झालेलं मी मनात धरून ठेवलंय. तेही सभ्य, आदरार्थी क्रियापदात! जेम्स ब्राउन जगाला सांगतो की मी भारी आहे. हामानो अदबीने कळवतो की मला अजून वाईट वाटतंय. फंकच्या छाताडावर असा कोमेजलेला माणूस बसवणं मला भयंकर विनोदी वाटतं आणि भयंकर खरंही.

त्या शीर्षकातल्या 'मोत्ते'वर जरा थांबू या.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमतरता नाही. मीही एक वर्ष क्लासला जायचे. आमच्या सेन्सेई शब्द टाळ्यांवर म्हणून घ्यायच्या. आपण 'टोकियो' म्हणतो, त्या चार टाळ्या वाजवायला लावायच्या: तो, ओ, क्यो, ओ. 'निप्पोन'लाही चार: नि, मग नुसतीच टाळी, मग पो, मग न्. दुसऱ्या टाळीला तोंडातून आवाज काढायचा नाही, पण टाळी मोजायची. वर्गात सगळे गोंधळायचे. मला शाळेतलं मात्रावृत्त आठवलं आणि प्रश्न मिटला. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, दोन मात्रा. आपण ती जादा मात्रा आधीच्या अक्षराच्या खात्यात जमा करतो. जपानी भाषा तिला स्वतंत्र खातं उघडून देते. हायकूतले पाच-सात-पाच मोजतात तेही असंच, त्यातल्या मुक्या मात्रेसकट.

ज्या भाषेत गप्प राहण्यालाही एक अख्खी मात्रा आहे, ती भाषा फंकसाठी नालायक कशी असेल? तरी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संगीतवाल्यांत जोरदार वाद झाला होता की रॉक जपानीतून गाता येतं का. युया उचिदासारखे लोक म्हणत होते की इंग्रजीच पाहिजे. 'हॅप्पी एंड' हा बँड म्हणत होता की जपानीच, आणि त्यांनी १९७१ च्या 'काझेमाची रोमान'मध्ये ते करूनही दाखवलं. इंग्रजीवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. इंग्रजी एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळून टाकते, व्यंजनं आपटते. जपानीत प्रत्येक मात्रा सारखी, आणि बहुतेक मात्रा स्वरावर संपणाऱ्या. मणी ओवल्यासारखं होतं. त्यावर झुलवणं अवघड. पण हामानो काय करतो, तर त्या मुक्या मात्रेवर आवाज तोडतो आणि बँडला त्या फटीत शिरू देतो. 'मोत्ते'मधला तो अर्धा 'त्' म्हणजे त्याला भाषेनेच फुकट दिलेला ठोका आहे. इथे माझ्यासाठी फंक जपानी झालं. सुटाबुटाने नाही, व्याकरणाने.

याच्या अगदी उलट टोकाला सुगा शिकाओ आहे, आणि तुम्ही मुराकामी वाचत असाल तर तुम्हाला तो कदाचित नकळत भेटलेला आहे. 'आफ्टर डार्क' या टोकियोतल्या एका रात्रीच्या कादंबरीत सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात त्याचं गाणं वाजत असतं. मुराकामींनी २००५ मध्ये संगीतावरच्या लेखांचं एक पुस्तक काढलं. त्यात शूबर्ट आहे, स्टॅन गेट्झ आहे, ब्रायन विल्सन, स्प्रिंगस्टीन, आणि या सगळ्या मांदियाळीत एक अख्खा लेख सुगा शिकाओवर. हा माणूस पगारी नोकरी सोडून संगीतात आला, १९९७ मध्ये मोठ्या कंपनीकडून पहिलं गाणं आलं तेव्हा तिशी उलटलेली होती. वर्षभरात 'स्मॅप'च्या 'योझोरा नो मुको' या प्रचंड गाजलेल्या गाण्याचे शब्द त्याने लिहिले. पण त्याची स्वतःची गाणी बघा. 'फॅमिली' (१९९८) ऐका. खाली तालाचं यंत्र तंतोतंत फंकचं, आणि वर अर्ध्या, घोगऱ्या आवाजात कोणीतरी काहीतरी कबूल करतंय. मत्सर, लाज, घरातली घुसमट. जेम्स ब्राउनचा घाम नाचून येतो. सुगा शिकाओचा घाम इंटरव्ह्यूच्या आधी तळहाताला येतो तो. मला त्याची मंद गाणी कंटाळवाणी वाटतात, पण मधल्या लयीत त्याच्याइतकं ओशाळवाणं फंक दुसऱ्या कोणाचं मी ऐकलेलं नाही.

सिटी पॉपबद्दल मी फार लिहिणार नाही. 'प्लास्टिक लव्ह' तुम्हाला अल्गोरिदमने ऐकवलेलंच असणार. एवढंच सांगते की त्या गुलाबी, रात्रीच्या टोकियोच्या चित्रांमागे तात्सुरो यामाशिता नावाचा ताल मोजून मापून बसवणारा माणूस आहे. त्याच्या 'स्पार्कल'ची (१९८२) सुरुवातीची गिटार म्हणजे उजव्या मनगटाचा रियाझ आहे. त्याला स्ट्रीमिंग ॲप मंजूर नाहीत, तेव्हा तिथे शोधत बसू नका. 'सचमोस' बँडचं 'स्टे ट्यून' गाडीच्या जाहिरातीतून आलं आणि गाडीच्या जाहिरातीसारखंच गुळगुळीत आहे, बेस सोडून. बेस वाजवणारा हसू २०२१ मध्ये गेला, आणि आता मला ते गाणं फक्त त्याच्यासाठी ऐकावंसं वाटतं. 'डेथ परेड' या ॲनिमेचं 'ब्रॅडिओ' बँडने केलेलं गाणं तुम्ही नाचत ऐकलं असेल. त्यांच्या गायकाच्या डोक्यावर भलंमोठं आफ्रो आहे. ते रंग फासण्याच्या किती जवळ आहे आणि किती लांब? रूममेट म्हणाली, केसच तर आहेत. मी काही बोलले नाही.

आता साकेरॉक.

ही साखळी सापडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी तिला उठवून सांगितलं. १९५९ च्या सुमारास मार्टिन डेनी नावाचा एक अमेरिकन पियानोवादक गोऱ्या मध्यमवर्गासाठी 'पूर्वेकडचं' संगीत बनवायचा. पक्ष्यांचे आवाज, घंटा, कधी न पाहिलेला आशिया. त्याच्या एका धूनचं नाव 'फायरक्रॅकर', दुसरीचं 'साके रॉक'. १९७८ मध्ये हॅप्पी एंडचाच जुना बेसवादक हारुओमी होसोनो याने र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांना घेऊन 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' काढला आणि 'फायरक्रॅकर' सिंथेसायझरवर वाजवलं. (उगाच आपलं: टायटॅनिकवरून वाचलेल्या एकमेव जपानी प्रवाशाचा हा होसोनो नातू.) काळी जादू असते, पांढरी जादू असते, मग आमची पिवळी, असा त्या नावाचा खोडसाळपणा. जपानी माणसाला गोऱ्यांनी दिलेला शिवीवजा रंग त्यांनी पाटीवरच लावला.

गंमत अशी की ते अमेरिकेत चाललं, आणि चाललं ते कृष्णवर्णीयांच्या नाचाच्या मजल्यावर. १९८० मध्ये हे तिघे 'सोल ट्रेन'वर गेले. सोल ट्रेन म्हणजे डॉन कॉर्नेलियसचा कार्यक्रम, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणाईचं टीव्हीवरचं घर. तिथे त्यांनी ह्यूस्टनच्या आर्ची बेलचं 'टायटन अप' वाजवलं, गावाचं नाव बदलून. क्लिप सहज सापडते, बघाच. मधे जपानी माणसाची अतिशयोक्त नक्कल आहे, जपान्यांनीच केलेली, आणि ती बघताना हसूही येतं आणि खुर्चीत चुळबुळही होते. कॉर्नेलियसला या पाहुण्यांचं काय करावं ते नीट कळलेलं नाही. पण नाचणाऱ्यांचे पाय बघा. त्यांना कळलंय. पुढे ब्राँक्सच्या डीजेंनी 'फायरक्रॅकर' उचललं आणि हिपहॉपच्या पोटात गेलं ते. अमेरिकेने खोटा आशिया बनवला, आशियाने तो विकत घेऊन बिघडवला, आणि ब्राँक्सने तो फिरवून वाजवला.

'साके रॉक' या दुसऱ्या धूनवरून २००० साली एका बँडने नाव घेतलं. त्यातला ट्रॉम्बोनवाला हामानो 'झाइनिची फंक'कडे गेला. बँडचा म्होरक्या गेन होशिनो. २०१२ मध्ये त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तो वाचला, आणि २०१५ मध्ये त्याने एक अल्बम काढला: नाचायचं संगीत, सोल आणि फंकच्या पायावर, तरी सुरावट अशी की जपानी आजीलाही गुणगुणता यावी. अल्बमचं नाव 'यलो डान्सर'. पुढच्या वर्षी त्याच्या 'कोइ' गाण्यावर सगळा देश नाचला.

रूममेट झोपेतच म्हणाली, "म्हणजे रंग सगळ्यांनीच लावला." आणि कूस बदलली. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण तिने माझा लेख चार शब्दांत लिहून टाकला होता. होसोनोने लावला, होशिनोने लावला, पण स्वतःचा, आणि नावाला. सुझुकींनी दुसऱ्याचा लावला, गालाला.

ती आता बंगळुरूला असते. लॅपटॉप तिच्यासोबत गेला. २०२२ मध्ये 'कागुया-सामा'चा तिसरा सीझन आला तो मी माझ्या फोनवर बघितला. सुरुवातीचं गाणं पुन्हा सुझुकींचंच. पासष्टीचा आवाज, आणि समेवर येताना तसूभर न हलणारा. बटण अंगठ्याखाली होतं. मी दाबलं नाही. ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये शॅनेल्सचा तो फोटोही उघडा होता. तोही मी बंद केला नाही.